न कळणाऱ्या भाषेतली दुआ

आम्ही संगीताचे जाणकार नाही. हदगावसारख्या तालुक्याच्या गावी संगीत म्हणजे उरुसातली कव्वाली, लग्नातला बँड, गणपतीतला लाउडस्पीकर आणि एस.टी. स्टँडसमोरच्या कॅसेटच्या दुकानातून दिवसभर ऐकू येणारी सिनेमाची गाणी. ‘रॉक’ हा शब्द आम्ही फक्त वर्तमानपत्रात वाचलेला. लांब केस, विजेच्या गिटारी आणि आरडाओरडा एवढीच त्याची आमच्या मनातली प्रतिमा. त्यामुळे मुस्लिम लेखकांच्या मराठी वार्षिकात दिल्लीच्या एका रॉक चमूच्या ध्वनिफितीवर आम्ही लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण वीस-बावीस वर्षे ही ध्वनिफीत आमच्या सोबतीला आहे. अनेक कवितासंग्रह कपाटात गेले, काही रद्दीतही गेले; ही मात्र राहिली. ती का राहिली याचा विचार करू लागलो, तेव्हा आमच्याच साहित्यातला एक जुना प्रश्न पुढे येऊन उभा राहिला. म्हणून हे लिहिणे.

ध्वनिफितीचे नाव ‘कंदिसा’. चमूचे नाव ‘इंडियन ओशन’, म्हणजे आपला हिंदी महासागर. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० साली दिल्लीत हा चमू सुरू केला. सेन गिटार वाजवत, चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गात. पुढे बेस गिटार घेऊन राहुल राम आले आणि ड्रम घेऊन अमित किलम. पहिली ध्वनिफीत १९९३ साली आली. दुसरी, ‘डेझर्ट रेन’, हे दिल्लीत १ जानेवारी १९९७ रोजी सफदर हाश्मी यांच्या स्मृतीसाठी झालेल्या कार्यक्रमातले प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण आहे. ‘कंदिसा’ २००० साली टाइम्स म्युझिकने काढली. चित्रपटाचा आधार नाही, नट-नटी नाहीत, तरी ती देशभर ऐकली गेली. त्या काळी सिनेमाबाहेरचे गाणे म्हणजे एक तर भक्तिगीत, नाहीतर टी.व्ही.वर दिसणारे नाचाचे पॉप. या दोन्हींत न बसणारे काही तरी चार माणसे करीत होती आणि त्यांना ऐकणारे मिळत होते, ही गोष्टच नवी होती.

आमच्यापर्यंत ती पोहोचायला दोन वर्षे लागली. नांदेडला शिकणारा आमचा मावसभाऊ सुट्टीत येताना कॅसेट घेऊन आला. तो २००२ सालचा उन्हाळा. गुजरातच्या बातम्या रोज येत होत्या. घरी पेपर यायचा, पण कोणी मोठ्याने वाचत नव्हते. एस.टी.त शेजारच्या प्रवाशाने नाव विचारले की आम्ही फक्त आडनाव सांगायचो, तेही ‘पटेल’, ‘देशमुख’ असे दोन्हींकडे चालणारे असले तर बरे, असे वाटायचे. अशा दिवसांत घराच्या मागच्या खोलीत, लोडशेडिंगमध्ये, सेलवर चालणाऱ्या टेपवर आम्ही ‘कंदिसा’ पहिल्यांदा ऐकली. सेल उतरत चालले की टेपचा वेग मंदावतो आणि गायकाचा आवाज जाड, थकलेला होत जातो. आमच्या कानात असीम चक्रवर्तींचा आवाज कितीतरी दिवस तसाच, थोडा थकलेला राहिला.

दारातले अब्बा

ध्वनिफितीचे नाव ज्या गाण्यावरून पडले ते गाणे सुरू झाले, तेव्हा अब्बा दारात येऊन उभे राहिले. अब्बा मकतबमध्ये मुलांना कायदा आणि सिपारा शिकवत. घरात मजामीर नकोत, हे त्यांचे मत सर्वांना ठाऊक होते. उरुसातली कव्वालीसुद्धा ते दुरूनच ऐकत. आता टेप बंद होणार, असे धरून आम्ही बटणाकडे हात नेला.

“जबान कौनसी है ये?” त्यांनी विचारले.

मावसभावाने सांगितले, की केरळच्या ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना आहे म्हणतात.

अब्बा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “सुरयानी होगी. अरबी नै ये. मगर अरबी के घर की है.” आणि जाता जाता, “आवाज कम रखो. असर की अजान होने को आई.”

बंद करा, असे ते म्हणाले नाहीत. आवाज कमी ठेवा म्हणाले. आमच्या घराच्या इतिहासात ही केवढी मोठी सवलत होती, हे वाचकांपैकी अनेकांना आपापल्या घरावरून कळेल.

अब्बांचे म्हणणे बरोबर होते. हे गाणे म्हणजे केरळातील सिरियन ख्रिश्चनांच्या उपासनेतली, सुरयानी म्हणजे अरामीच्या एका रूपातली प्रार्थना आहे. हजरत ईसा ज्या भाषेत बोलत तिचीच ही नातलग. ‘कंदिसा’ हा केरळी तोंडात वळलेला उच्चार. मूळ ‘कदीशा’, म्हणजे पवित्र. त्यातला क-द-स हा धातू आपल्याला परका नाही. ‘मुकद्दस’, ‘तकदीस’, ‘बैतुल मुकद्दस’ आणि अल्लाहच्या नव्याण्णव नावांपैकी ‘अल-कुद्दूस’ ही सगळी त्याच धातूची लेकरे. पुढे ‘आलाहा’ येतो, तो आपल्या ‘इलाह’चा भाऊ. प्रार्थनेचा आशय थोडक्यात असा : परमेश्वर पवित्र आहे, बलवान आहे, अमर आहे, त्याने आमच्यावर दया करावी. दयेसाठी तिथे जे क्रियापद येते तेही र-ह-म याच धातूचे. म्हणजे रहमान आणि रहीम. रोज पाच वेळा आपण जे मागतो तेच मागणे चार दिल्लीकर माणसे, केरळच्या चर्चमधल्या प्रार्थनेतून, गिटार आणि तबल्याच्या साथीने मागत होती. यांपैकी काहीही कळण्याआधीच आमच्या डोळ्यांत पाणी आले होते. अर्थ पुढे हळूहळू कळत गेला. तो कळल्यावर गाणे मोठे झाले नाही की लहानही झाले नाही. हे कसे, हा आमचा पहिला प्रश्न.

वज्द आणि गैरसमज

इमाम गजाली यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये समा आणि वज्द यांवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. त्यात ते एक मोठी मजेची गोष्ट नोंदवतात. फारसी बोलणाऱ्या माणसाला अरबी काव्य ऐकून वज्द येऊ शकतो, कारण अरबीतला एखादा शब्द त्याच्या कानाला फारसीतल्या शब्दासारखा लागतो आणि तो आपल्याच अर्थाने हलून जातो. चुकीच्या अर्थाने आलेला हा भावावेश गजाली खोटा ठरवत नाहीत. ऐकणाऱ्याच्या मनात जे भरलेले असते तेच सुरांच्या निमित्ताने वर येते, असे त्यांचे म्हणणे.

आम्हाला ही गोष्ट फार जवळची वाटते. आपल्यापैकी बहुतेकांचे सारे धार्मिक जीवन न कळणाऱ्या भाषेत गेलेले असते. हदगावच्या गल्लीत घरी दखनी बोलणारा, शाळेत मराठी लिहिणारा मुलगा अरबीत दुआ मागतो. तरावीहमध्ये हाफिजसाहेबांचा आवाज एखाद्या आयतीवर भरून येतो, तेव्हा मागे उभ्या असलेल्या हमाल, रिक्षावाले, शेतमजूर यांच्याही सफेत हुंदके ऐकू येतात. शब्दार्थ किती जणांना कळलेला असतो? तरी त्या रडण्याला खोटे कोण म्हणेल? आमचा समाज अर्थ न कळता पाठ करतो, अशी टीका आमच्यातल्या सुधारकांनी केली आहे आणि ती योग्यच आहे. अर्थ कळला पाहिजे, मुलांना तो शिकवला पाहिजे. पण अर्थापूर्वीही काही तरी पोहोचते, हेही तितकेच खरे. ते काय असते हे समजून घ्यायला ‘कंदिसा’ हे गाणे फार चांगले उदाहरण आहे.

गाण्याची बांधणी पाहावी. सुरुवातीला सेन यांची गिटार एक छोटी आकृती वाजवते आणि ती पुन्हा पुन्हा येत राहते. आवाज येतात ते हलके, जवळजवळ स्वतःशी बोलल्यासारखे. तबला आणि ड्रम भांडत नाहीत. एकाने सोडलेली जागा दुसरा भरतो. तेच मोजके शब्द परत येतात, पण दर फेरीला आवाज थोडा वर, थोडा मोकळा. शेवटी शेवटी गाणारे जणू मागण्याची लाज सोडून देतात. कव्वालीत ज्याला तकरार म्हणतात, एकाच मिसऱ्याला धरून बसणे, तेच हे. कंधारला हाजी सय्याह सरवरे मखदूम यांच्या उरुसात रात्री दोन-अडीच वाजता, पैसे उडवणारे लोक झोपून गेल्यावर, म्हातारा कव्वाल एकच ओळ घेऊन बसतो. तेव्हा ती ओळ हळूहळू ओळ राहत नाही, श्वास होते. खुलताबादचे हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब समाचे केवढे शौकीन होते, हे दख्खनच्या सूफी परंपरेत प्रसिद्ध आहे. आपल्या मातीत ही रीत सातशे वर्षांची आहे. दिल्लीच्या या चमूने ती कव्वालीतून उचलली की आणखी कुठून, हा मुद्दा नाही. मागणारा माणूस एकदाच मागून थांबत नाही, हे त्यांना उमगले होते.

गाणाऱ्या चौघांपैकी कोणाचीही ही मातृभाषा नाही, की कोणाच्या घरची ही प्रार्थना नाही. तरी गाण्यात पाहुण्याचा संकोच नाही आणि मालकाची ऐटही नाही. दुसऱ्याच्या घरात नमाजेची वेळ झाली की आपण जागा मागून, पायातले काढून, एका कोपऱ्यात उभे राहतो. तसे ते या भाषेत उभे आहेत.

रेवा आणि पैनगंगा

‘माँ रेवा’ हे गाणे वेगळ्या वाटेने आले आहे. रेवा म्हणजे नर्मदा. राहुल राम १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाव आंदोलनात काम करीत होते आणि हे लोकगीत नर्मदेच्या खोऱ्यातून त्यांच्याबरोबर आले. अमरकंटकाहून निघालेल्या नदीच्या निर्मळ पाण्याची ही स्तुती आहे. गाण्यात धरणाचे नाव नाही, सरकारचे नाव नाही, विस्थापनाचा उल्लेख नाही. नदी वाहते आहे, एवढेच म्हटले आहे. पण ‘कंदिसा’ निघाली त्याच २००० साली, १८ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचे बांधकाम पुढे नेण्यास परवानगी दिली. म्हणजे नदी वाहते आहे असे सांगणारे गाणे आणि ती अडवण्याचा निकाल एकाच वर्षातले. महाराष्ट्रातले मणिबेली हे गाव त्याआधीच पाण्याच्या तोंडी उभे होते. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. धरण पुढे १३८.६८ मीटर उंचीपर्यंत गेले आणि २०१७ साली त्याचे लोकार्पण झाले. हे सारे माहीत असलेल्या कानाला ‘माँ रेवा’तली आनंदी चाल अजूनही बोचते.

आम्हाला ती आणखी एका कारणाने बोचते. आमचा तालुका पैनगंगेच्या काठी आहे. इसापूरच्या धरणाचे पाणी कालव्याने आमच्याकडे येते आणि त्या पाण्यावर ऊस उभा राहतो. वर ज्यांची गावे त्या धरणात गेली त्यांची गाणी आम्ही कधी ऐकली नाहीत. ती होती का, कोणी लिहून ठेवली का, असे विचारायचेही सुचले नाही. पुढे निम्न पैनगंगा प्रकल्पाविरुद्ध माहूर-किनवटकडची आणि पलीकडची यवतमाळची गावे उभी राहिली, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले, की आपणही कोणाच्या तरी बुडालेल्या अंगणातले पाणी पितो. एका दिल्लीच्या गाण्याने नर्मदेच्या निमित्ताने आम्हाला आमच्याच नदीकडे पाहायला लावले. चांगल्या कलाकृतीकडून याहून जास्त काय मागावे?

या चमूच्या वाद्यांत गाबगुबी नावाचे एक वाद्य आहे. एका बाजूला कातडे, त्यातून निघालेली तार, ती ताणत-सैल करत छेडायची. मग माणूस हसतो-रडतो आहे असा आवाज निघतो. बंगालच्या बाऊलांचे हे वाद्य. आमच्याकडे देवीच्या भक्तांच्या हातात चौंडके असते, त्याची जात हीच. लहानपणी दारावर चौंडके वाजले की अम्मी पसाभर जोंधळे घालायची. ‘अपना नै है, मगर खाली नै भेजना,’ असे म्हणायची. शहरातल्या समीक्षकांनी या चमूच्या संगीताला ‘फ्यूजन’ हे नाव दिले. आम्हाला ते नाव कधीच पटले नाही. अम्मीने जोंधळे घातले ते फ्यूजन म्हणून नव्हे. दारावर आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये म्हणून.

पलटणीचे गाणे

‘हिल्ले ले’ ही गोरख पांडे यांची भोजपुरी रचना. पांडे हे हिंदी-भोजपुरीतले क्रांतिकारी कवी. १९८९च्या जानेवारीत त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. त्याच महिन्यात, साहिबाबादला पथनाट्य करताना झालेल्या हल्ल्यानंतर, सफदर हाश्मी गेले होते. जनतेची पलटण येते आहे आणि तिच्या पावलांनी दुनिया हादरते आहे, असे हे गाणे. त्याची चाल अशी, की पाय आपोआप हलू लागतात.

इथे मात्र आमची पहिली तक्रार आहे. हे गाणे ऐकताना आम्हाला शाहीर अमर शेख यांची आठवण होते. बार्शीचा मेहबूब पटेल, गिरणी कामगारांच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत गाणारा. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी त्यांना ऐकले ते सांगत, की तो आवाज माईकशिवायही मैदानाच्या टोकापर्यंत जाई आणि ऐकणाऱ्याला घरी स्वस्थ बसू देत नसे. ‘हिल्ले ले’ आम्हाला स्वस्थ बसू देते. ते नाचायला लावते आणि नाचून झाले की माणूस ताजातवाना होऊन कामाला लागतो. ज्या पलटणीचे हे गाणे आहे तिच्या पायांतल्या भेगा त्यात दिसत नाहीत. वाद्यांचा मेळ इतका सुंदर जमला आहे, की राग त्यात गोड होऊन जातो.

दुसरी तक्रार अशी, की ही ध्वनिफीत काही ठिकाणी स्वतःच्याच वादनावर खूश होते. ‘खजुराहो लाइव्ह’मध्ये वादकांचे कौशल्य ऐकून थक्क व्हायला होते, पण थक्क होणे आणि हलणे यांत फरक आहे. ‘कौन’ आणि ‘क्या मालूम’ या गाण्यांविषयी आमचे मत अनेकदा बदलले. दोन्हींची नावेच प्रश्नार्थक. तरुणपणी आम्हाला ती सर्वांत जास्त आवडत. आता त्यांच्यावरून हात फिरवून पुढे जावेसे वाटते.

‘लीव्हिंग होम’ मात्र दर वर्षी अधिक खोल उतरते. घर सोडणे. त्यात अर्थाचे शब्द नाहीत. सेन यांची गिटार आणि तिच्या मागोमाग जाणारे आवाज. आमच्या भागातून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गाड्या भरून माणसे जातात. पोरे मुंबई-पुण्याला, काही आखातात जातात. निघताना कोणी फार बोलत नाही. अम्मी इमामे-जामिन बांधते, दुआ पुटपुटते, आणि एस.टी. वळेपर्यंत उभी राहते. ‘लीव्हिंग होम’ ऐकताना ते उभे राहणे आम्हाला दिसते. याच नावाने जयदीप वर्मा यांनी या चमूवर २०१० साली माहितीपट काढला. तो येण्यापूर्वीच, २५ डिसेंबर २००९ रोजी, असीम चक्रवर्ती गेले. सुस्मित सेन २०१३ साली चमूतून बाहेर पडले. चमू आजही आहे, नवी माणसे आली आहेत, गाणी होत आहेत. पण ‘कंदिसा’तली ती चौकडी आता फक्त त्या ध्वनिफितीत आहे.

चमूने पुढे ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटाला संगीत दिले. मुंबईच्या १९९३च्या बॉम्बस्फोटांवरचा हा चित्रपट न्यायालयीन स्थगितीमुळे अडला आणि २००७ साली प्रदर्शित झाला. त्यातल्या ‘बंदे’ या गाण्यावर मुस्लिम श्रोत्याने काय म्हणावे, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

भाषा कोणाची?

आता सुरुवातीला म्हटलेल्या प्रश्नाकडे येतो. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. आमच्या मराठवाड्यातले, लातूरचे फ. म. शहाजिंदे त्याचे अध्यक्ष होते. तेव्हापासून आपण एका प्रश्नाला उत्तर देत आलो आहोत. तो प्रश्न बाहेरून येतो तेव्हा असा असतो : ‘तुम्ही मराठी इतके छान कसे बोलता?’ घरातून येतो तेव्हा असा : ‘उर्दू सोडून मराठी में कायकू लिखते?’ दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की भाषा ही जन्माने मिळालेली जहागीर असते आणि तीत दुसऱ्याने पाऊल टाकले तर ते एक तर कौतुक ठरते नाहीतर गुन्हा.

आपण आजवर याला इतिहासाने उत्तर दिले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ दाखवला, शाहिरांची नावे सांगितली, आमचे पूर्वज इथलेच हे पुन्हा पुन्हा सिद्ध केले. उत्तर खरे आहे. पण ते देताना आपण प्रश्नकर्त्याची समजूत मान्यच करतो. जहागीर आमचीही आहे, हे दाखले, हा सातबारा, असे म्हणतो.

‘कंदिसा’ ऐकताना आम्हाला दुसरे उत्तर सुचले. असीम चक्रवर्ती आणि राहुल राम यांच्याकडे सुरयानीचा सातबारा नव्हता. तरी त्या भाषेतले त्यांचे मागणे खरे आहे, कारण ते मागत आहेत. ज्या भाषेत माणूस मनापासून दया मागतो ती भाषा त्याची झाली. आणि मागणे तर आम्ही मराठीत कितीदा केले आहे! फीमाफीचा अर्ज मराठीत केला, पिकाची नुकसानभरपाई मराठीत मागितली, पहिली प्रेमाची चिठ्ठी मराठीत लिहिली, आणि २००२च्या त्या उन्हाळ्यात वहीत जे काही लिहिले व पुढे जाळून टाकले, तेही मराठीतच होते. आईच्या मयतीनंतर जे रडलो ते दखनीत. नमाजेत उभे राहिलो ते अरबीत. तिन्ही आमच्या. यांत कोणती मूळ आणि कोणती परकी, हे ठरवायला बसलो तर आम्हालाच कापावे लागेल.

धर्माचा दाखलाही हवा असेल तर तो आहे. तिर्मिजीच्या संग्रहात रिवायत आहे, की प्रेषितांनी (स.) हजरत जैद बिन साबित यांना सुरयानी शिकायला सांगितले आणि त्यांनी ती थोड्याच दिवसांत शिकून घेतली. तीच सुरयानी, जिच्यात हे गाणे आहे. दुसऱ्यांशी व्यवहार करायचा तर त्यांची भाषा यायला हवी, हा त्यातला साधा हेतू. अब्बांना ही रिवायत अर्थातच ठाऊक होती. त्या दिवशी दारात उभे राहून त्यांनी भाषा ओळखली, ती बहुधा या ओळखीनेच. पुढे आम्ही मराठीत लिहू लागलो तेव्हा जमातीतल्या एकाने त्यांच्याकडे तक्रार केली. अब्बांनी काय उत्तर दिले ते आम्हाला दुसऱ्यांकडून कळले. ‘जैद बिन साबित ने सुरयानी सीखी थी. मेरे बच्चे ने मराठी सीखी,’ एवढेच ते म्हणाले होते.

अब्बा आता नाहीत. कॅसेट आहे, टेप नाही. गाणे मोबाइलवर ऐकतो. तिथे सेल उतरत नाहीत, आवाज जाड होत नाही, सगळे स्वच्छ ऐकू येते. तरीही ‘कंदिसा’ सुरू झाले, की असरच्या सुमारास आमचा हात आपोआप आवाज कमी करतो.